टायर मोठा, गाडी तीच

सोयाबीनच्या हंगामात चिखली, मेहकर किंवा खामगावच्या बाजार समितीत गेलात की पिकअपची रांग दिसते. बहुतेक गाड्या जुन्या. इंजिन एकदा उघडलेलं, हौद्याला वेल्डिंगचे डाग, कमानपाट्यात एखादा जास्तीचा पाटा घातलेला, आणि चाकांकडे पाहिलं तर चार चाकं चार घरची. आमची बोलेरो पिकअप याच रांगेतली. घरचं शेत आणि हंगामातलं भाडं दोन्ही तिच्यावर चालतं, आणि डिझेलनंतरचा मोठा खर्च टायरचाच. माझं मत आधीच सांगून टाकतो: जुन्या गाडीच्या टायरचा साइज बदलायला खरं कारण क्वचितच असतं. बहुतेक वेळा ते कारण टायरच्या दुकानात तयार होतं.

१. गाडीला लागलेला टायर हा पुरावा नव्हे

जुनी गाडी घेतली की लोक चाकावरचा नंबर वाचतात आणि तोच दुकानात सांगतात. तो नंबर कंपनीने दिलेला असेलच असं नाही. मधल्या मालकाने त्या दिवशी जे स्वस्त मिळालं ते लावलेलं असतं. आमच्या गाडीला मागे ट्रकच्या जातीचे टायर होते आणि पुढे जीपचे, २१५/७५ आर १५. खरा साइज दाराच्या खांबावरच्या पाटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पुस्तक तर आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि रंग मारणाऱ्याने खांबासकट पाटीवरही पांढरा फवारा मारला होता. थिनरमध्ये बुडवलेला बोळा हळूहळू फिरवला तेव्हा आकडे वर आले: ७.०० आर १५ एलटी. खाली पुढच्या आणि मागच्या चाकाची हवा वेगवेगळी लिहिलेली. पाटीच गायब असेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं. शेजाऱ्याची गाडी बघून साइज ठरवू नये, कारण एकाच नावाच्या पिकअपला वर्षाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे वेगवेगळे टायर येत गेले आहेत.

२. नंबर वाचता आला पाहिजे

आपल्याकडे दोन पद्धतींचे नंबर एकत्र नांदतात, गोंधळ तिथेच होतो. ७.०० आर १५ हा जुन्या, इंचांच्या पद्धतीचा नंबर: रुंदी ७ इंच, ‘आर’ म्हणजे रेडियल, रिंग १५ इंची, आणि ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकचा. खेड्यापाड्यांतून धावलेल्या जुन्या जीपचा ६.००-१६ याच घराण्यातला. मध्ये ‘आर’ नसून आडवी रेघ आहे, म्हणजे तो नायलॉनचा.

२१५/७५ आर १५ मधले २१५ मात्र मिलिमीटर आहेत. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, साधारण १६१ मिलिमीटर. वरची आणि खालची भिंत, अधिक १५ इंचांची रिंग, म्हणजे ३८१ मिलिमीटर, मिळून चाकाची उंची ७० सेंटिमीटरच्या जरा वर जाते. ७.०० आर १५ ला असा टक्का लिहिलेला नसतो, त्याची भिंत उंच असते आणि चाक साधारण ७४ सेंटिमीटरचं होतं. दोन्ही एकाच रिंगवर चढतात आणि तिथेच माणूस फसतो. चिखलीतले आमचे पंक्चरवाले चाचा लोखंडी पाना रिंगवर आपटत म्हणतात, “भाऊ, रिंगवर त काहीबी बसते. गाडीवर बसलं पाह्यजे ना!”

३. उंची बदलली की हिशेब बदलतो

पिकअपचं मीटर चाकाचे फेरे मोजतं, रस्ता मोजत नाही. ७४ च्या जागी ७० चं चाक लावलं की मीटर ६० दाखवतं तेव्हा गाडी ५७ च्या आसपास असते, आणि १,००० किलोमीटर पडले तरी रस्ता ९५० च कापलेला असतो. बारके टायर टाकून “माझ्या गाडीचं ॲव्हरेज वाढलं” असं सांगणारे मला भेटले आहेत. डिझेल तेवढंच लागलं होतं, किलोमीटर तेवढे फुगले होते. किलोमीटरवर भाडं घेणाऱ्याला ते चालतंही, पण ऑइल बदलायचा हिशेब चुकतो आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये नकाशा असतो.

उलट बाजू जास्त महागाची. पोरांना ३१ गुणिले १०.५० आर १५ चे रुंद, उंच टायर आवडतात. ३१ इंच म्हणजे जवळपास ७९ सेंटिमीटर. एवढं चाक लावलं की प्रत्येक गिअर लांब होतो. मोताळ्याकडून भरली गाडी घेऊन राजूर घाट चढताना जे वळण दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं, तिथे पहिला टाकावा लागतो आणि क्लच प्लेटचा जळका वास केबिनमध्ये येतो. उतारावर मोठं चाक थांबवायला ब्रेकलाही जास्त जोर लागतो, आणि जुन्या गाडीचे ब्रेक मुळातच थकलेले. दुकानात सपाट फरशीवर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीला यातलं काही दिसत नाही. म्हणून नव्या साइजची चाचणी भरल्या गाडीवर घ्यावी: स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापायचं, एक चाक खड्ड्यात उतरवायचं आणि टायर पाट्याला किंवा मडगार्डला घासतो का ते वाकून बघायचं.

४. मागच्या आसाचं वजन काट्यावर करा

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही, आणि ती कुणी सांगत नाही.

टायरच्या भिंतीवर साइजच्या पुढे एक बारीक आकडा आणि अक्षर असतं. तो आकडा भाराचा. त्याची किलोमध्ये ठरलेली यादी आहे: १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, ११० म्हणजे १,०६०, ११३ म्हणजे १,१५०. एलटी टायरवर ११३/११२ असे दोन आकडे असतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडीने लावलेल्या चाकांसाठी. हे सगळं पूर्ण हवा असताना. हवा कमी तर भारही कमी.

आता आपली गाडी. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, त्यामुळे हिशेब सोपा: २५ गोण्या म्हणजे साडेबारा क्विंटल. पण हे वजन चार चाकांवर सारखं वाटलं जात नाही. पिकअपचा हौदा मागच्या आसावर बसलेला, त्यामुळे माल जवळपास सगळा मागच्या दोन टायरवर. खात्री करायची तर कुठल्याही जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर भरली गाडी न्यायची, आधी पूर्ण गाडीचं वजन घ्यायचं, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून फक्त मागची ठेवायची. काटेवाला आधी हसतो, मग त्यालाही गंमत वाटते. आमच्या गाडीचा मागचा आकडा २५ गोण्यांना १,९०० च्या वर गेला.

म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर साडेनऊशे किलो. जीपच्या, १०० आकड्याच्या टायरची दोघांची मिळून ताकद १,६००. तो इथे उभाच राहू शकत नाही. दुकानदार ज्याचं नाव सारखं काढतो तो २३५/७५ आर १५, प्रवासी गाडीच्या जातीचा, १०५ आकड्याचा: दोघांचे १,८५०. म्हणजे कायद्यात बसणाऱ्या मालालाही अपुरा. ११३ चे दोन टायर २,३०० पर्यंत झेपवतात. चाकाची उंची २३५ ची आणि ७.०० ची जवळपास सारखीच, दिसायला २३५ रुबाबदार, पण माल ओढायला तो नाही. इतकं काट्यावर कळल्यावर दुकानात वाद घालावा लागत नाही.

‘पीआर’ हा दुसरा आकडा: ८ पीआर, १० पीआर, १२ पीआर. पूर्वी तो आतल्या कापडाच्या थरांचा असायचा. आता तेवढे थर असतीलच असं नाही, ताकद तेवढी आहे इतकाच त्याचा अर्थ. नेहमी कमी माल नेणाऱ्याने १२ च घ्यावा असं नाही, रिकाम्या गाडीत कडक टायर पाठीचा हिशेब घेतो. आणि पाटा वाढवल्याने गाडीची ताकद वाढते हा समज सोडून द्यावा. पाटा वाढवला की गाडी दबत नाही एवढंच. टायरवरचं वजन तेच राहतं, आणि गाडी दबलेली दिसत नाही म्हणून हमाल आणखी दोन कट्टे टाकतो.

५. रुंदीचा सोस आणि अरुंद रिंग

रिंगची रुंदी आत कोरलेली असते, ती चिखल खरवडून वाचावी. साडेपाच इंची रिंगवर २३५ रुंदीचा टायर चढवला तर तो कडेने आत ओढला जातो आणि मधोमध फुगतो. त्याला किमान ६ इंची रिंग लागते. अरुंद रिंगवर तो मधल्या पट्ट्यात झिजतो, वळणावर गाडी डोलते, आणि दोष अलाइनमेंटवर ढकलला जातो.

६. काळी माती आणि काँक्रीट

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दोन वेगळे रस्ते आहेत. पूर्णाकाठची जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडची काळी माती एका पावसात अशी होते की चाक दोन फेऱ्यांत गोल गोळा बनतं. इथे रुंद टायर जास्त माती उचलतो आणि मडगार्डमध्ये ठासतो. उंच, अरुंद टायर वरचा लगदा कापून खाली टणक मिळालं तर पकड घेतो. मागे मोठ्या गोट्यांची नक्षी, पुढे सरळ रेघांची, ही जुन्या ड्रायव्हरांची जोडी मला अजूनही पटते. पुढे गोट्या लावल्या की डांबरी रस्त्यावर स्टेअरिंग गुणगुणत राहतं.

दुसरा रस्ता समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाकडच्या पिकअपवाल्यांना सरळ, तापलेलं काँक्रीट मिळालं. गावच्या रस्त्यावर खड्ड्यांमुळे वेगच येत नाही. इथे तासन् तास एकच वेग. हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते आणि उकलते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हाही पहिली बातमी टायर फुटल्याचीच पसरली. परिवहन विभागाच्या तपासात टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. टायर फुटला म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात, ही आपली सवय वाईट.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, दुपारी चालत्या टायरची हवा आपोआप वाढते. ती “जास्त झाली” म्हणून काढू नये; संध्याकाळी थंड झाल्यावर टायर कमी हवेवर उभा असतो.

७. टायरचं वय

भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पडून राहिलेला टायर नक्षी कोरी असली तरी भिंतीला बारीक भेगा दाखवतो. चकाचक काळं पॉलिश केलेला टायर दिसला की मी आधी हा आकडा शोधतो. आयएसआयचा शिक्काही बघावा.

८. जोडी मोडू नये

एका आसावर एक रेडियल, एक नायलॉन, किंवा एक नवा, एक टकला असं करू नये. दोनच नवे घ्यायचे असतील तर दोन्ही एकाच आसावर. चारही चाकांना जोर देणाऱ्या कॅम्परवाल्याने तर पुढे-मागे उंचीत फरक ठेवूच नये, फोर बाय फोर लावल्यावर गिअरपेटी आपापसात झगडते.

९. आरटीओ आणि विमा

एमएच-२८ ची गाडी बुलढाण्याला पासिंगला गेली की टायर बघितले जातात. नियमात नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी; खाचेतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला की संपला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. पासिंगपुरते मागून आणलेले टायर लावून परत फिरणारे आहेत. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा ते टायर मालकाकडे परत गेलेले असतात.

१०. पाचवं चाक

चार टायर नवे झाले की त्यातला बरा जुना स्टेपनीला जातो, उरलेले बैलगाडीला किंवा सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री दाबायला. स्टेपनी त्याच साइजची आणि त्याच भाराची हवी, कारण पंक्चर बहुधा भरल्या गाडीचं आणि मागच्या चाकाचंच होतं. आमच्याकडे स्टेपनी हौद्याखाली साखळीने टांगलेली असते, चिखलाने साखळी गंजून अडकते. दर महिन्याला ती एकदा खाली सोडून हवा बघायची, साखळीला ऑइल द्यायचं आणि पाना नटांना नीट बसतो का तेही बघून घ्यायचं.