टाकींत पेट्रोल आहे, पण इंजिन चालत नाहीं

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांची मोटारसायकल वाटेंत बंद पडूं लागली. ते पहांटे आसपासच्या वाड्यांतून दूध गोळा करून शहरांत पोंचवितात. घरून निघतांना गाडी बटण दाबतांच सुरू होई. परंतु अर्ध्या तासानें चढावर धापा टाकूं लागे आणि थांबे. पाव तास रस्त्याच्या कडेस उभी ठेविली कीं पुन्हां चाले. दूध उशिरा पोंचलें तर तें नासतें, व नासलेल्या दुधाचे पैसे कोणी देत नाहीं. एका गॅरेजांत त्यांस नवा पेट्रोल-पंप बसवून देण्यांत आला. महिन्याच्या कमाईचा मोठा भाग त्यांत गेला, आणि तिसऱ्याच दिवशीं गाडी त्याच चढावर थांबली. मुलानें ही हकीकत वर्गांत सांगितली, तेव्हां आम्ही आपला मल्टिमीटर पिशवींत घालून त्याच्या घरीं गेलों. तेथें जें पाहिलें, त्यावरून हा पाठ लिहीत आहों.

पालकांपैकीं अनेकांस कार्बोरेटरची गाडी चांगली परिचित आहे. तींत पेट्रोल स्वतःच्या वजनानें टाकींतून खालीं उतरतें व इंजिनाच्या श्वासाबरोबर आंत ओढलें जातें. विजेचें काम ठिणगी देण्यापुरतें. भारतांत १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे बीएस-६ नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक सर्व पेट्रोल मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागीं इंजेक्टर आला. आतां टाकीच्या आंत विजेवर चालणारा एक लहानसा पंप बुडालेला असतो. तो पेट्रोलास हवेच्या दाबाच्या सुमारें तिप्पट दाब देऊन इंजेक्टरपर्यंत लोटतो. इंजेक्टर म्हणजे विद्युच्चुंबकानें उघडणारी सूक्ष्म झडप. ती किती सहस्रांश सेकंद उघडी ठेवावयाची हें नियंत्रक-पेटी ठरविते. अर्थात् वीज अशक्त झाली कीं पेट्रोलही अशक्त होतें. जुन्या मेकॅनिकचा कान येथें अर्धेंच काम करतो. उरलेलें अर्धें मीटरनें करावें लागतें.

तथापि आरंभ कानानेंच करावा. किल्ली फिरवितांच दोन-तीन सेकंद टाकींतून बारीक गुंजारव ऐकूं येतो. पंप नळींत दाब भरीत असतो. हा आवाज मुळींच आला नाहीं, तर प्रथम हँडलवरील लाल बटण पाहावें. तें चुकून बंद राहिल्यामुळें गाडी ढकलीत नेणारे सद्गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत! मग फ्यूज, मग रिले. गाडी आडवी पडली असतां पंप बंद करणारा एक संवेदकही असतो. पडलेली गाडी उभी करून किल्ली एकदां बंद करून पुन्हां फिरविल्याखेरीज पुष्कळ गाड्या चालूं होत नाहींत. जळालेल्या फ्यूजच्या जागीं जाड तार घालणें मात्र आत्मघातकी आहे. फ्यूज वितळतो तो पुष्कळदां कोठें तरी वायर घासून लोखंडास टेंकली म्हणून; बहुधा हँडल वळतें त्या मानेशीं किंवा टाकीखालीं. ती जागा न शोधतां जाड तार घातली, तर पुढच्या वेळीं फ्यूजऐवजीं वायर जळेल, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालूनच जात असते.

इंजेक्टरची परीक्षा सोपी आहे. त्याचा जोड सोडून दोन पात्यांमधील रोध मोजावा. आमच्या पाहण्यांतील लहान गाड्यांत तो सुमारें १२ ओम भरला. आपल्या गाडीचा आंकडा तिच्या पुस्तिकेंत पाहावा. रोध अनंत आला तर आंतील तार तुटली असें समजावें.

आतां आमच्या दूधवाल्यांची गाडी. गुंजारव येत होता, फ्यूज शाबूत, दोषदर्शक दिवाही पेटत नव्हता. (पुष्कळ गाड्यांत पंपास किती व्होल्ट पोंचतात हें ती पेटी पाहातच नाहीं, म्हणून दिवा न लागणें ही निर्दोषपणाची खूण नव्हे.) पंपाचा जोड सोडून मीटर लाविला, तर १२.४ व्होल्ट! बॅटरी तेवढेच दाखवीत होती. गॅरेजवाल्यांनीं येथेंच निष्कर्ष काढला असावा कीं, वीज पोंचते आहे, म्हणजे पंपच वाईट. ही चूक मोठी शिकण्यासारखी आहे. बागेतील नळी पायाखालीं दबली असली तरी तिचें तोंड बोटानें बंद ठेवलें, तर कांहीं वेळानें बोटावर पूर्ण दाब जाणवतो. बोट काढतांच पाण्याची बारीक धार पडते. जोड सोडून व्होल्ट मोजणें हें तसेंच आहे. प्रवाह वाहतच नाहीं, मग अडथळा दिसणार कसा?

म्हणून वडिलांस गाडी अर्धा तास चढावर फिरवून आणावयास सांगितलें. ती धापा टाकीत परत येतांच जोड न सोडतां, मीटरचीं टोंकें वायरींच्या मागल्या अंगानें आंत सरकविलीं. मुलगा किल्ली फिरवी, आम्ही आंकडा वाचूं. बॅटरी १२.४, पंपावर अवघे ९.४. तीन व्होल्ट कोठें गेले? मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन टोंकास व दुसरें पंपाच्या धन वायरीस लाविलें, तेव्हां ०.१ व्होल्ट, ही बाजू उत्तम. मग एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरें पंपाच्या अर्थिंगच्या वायरीस लाविलें, तेव्हां २.९! चोर सांपडला.

पंपाच्या वायरींतील प्रवाह मोजला, तो २ ॲम्पिअर होता. ओमनें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम शाळेच्या पुस्तकांत आहेच: २.९ भागिले २, म्हणजे सुमारें दीड ओमचा रोध त्या बाजूस लपला होता. आणि २.९ गुणिले २ म्हणजे जवळजवळ ६ वॉट उष्णता तेथें जन्मत होती. शेंगदाण्याएवढ्या जागेंत ६ वॉट! आसनाखालील जोड चांचपला तों बोटास चटका बसला. प्लॅस्टिक तपकिरी झालें होतें; आंत पावसाचें पाणी जाऊन तांब्याचे तंतू हिरवे पडले होते व मोजकेच धड राहिले होते. तापलें कीं रोध वाढे, वाढला कीं अधिक तापे. पाव तासाच्या विश्रांतीनें तें निवे आणि गाडी चाले.

दुरुस्ती अल्प होती. प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडलें. काम उघड्या अंगणांत केलें, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असून जमिनीलगत साचते, व एक ठिणगी तीस पुरते. दाबाखालच्या नळीस हात लाविला नाहीं, आणि मुलांनींही वडील माणसाखेरीज लावूं नये. हिरवी वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापून नवें पातें घट्ट दाबून बसविलें, जोडावर व्हॅसलिनचा हात फिरविला. मग पुन्हां मोजलें: अर्थिंगच्या बाजूस ०.१ व्होल्ट. खर्च चहाच्या दोन कपांइतका झाला, आणि चहा तर त्यांनींच पाजला.

त्यानंतर संपूर्ण पावसाळा दूध वेळेवर पोंचलें. गॅरेजांतून परत आणलेला जुना पंप त्यांनीं फडक्यांत गुंडाळून फळीवर ठेविला आहे; तो निर्दोष आहे.