पाठ : आपल्या दुकानाला जीएसटी नंबर लागतो का?



दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. त्यात आपण मुलांना जीएसटीची उदाहरणे सोडवायला देतो. यंदा हे प्रकरण शिकवताना एका मुलीने विचारलं, "सर, आईच्या मसाल्याला पण नंबर घ्यायचा का?" पुस्तकात कर कसा काढायचा ते आहे, पण नोंदणी कुणी करायची हा प्रश्न घरोघरचा आहे. म्हणून हा पाठ.

१) आधी व्हॅट, आता जीएसटी

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट सुरू झाला. १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंसाठी त्याची जागा जीएसटीने घेतली. पेट्रोल, डिझेल आणि दारू यांवर मात्र अजून व्हॅटच आहे. दोन्हींचे तत्त्व एकच, जेवढी किंमत वाढवली तेवढ्यावर कर.

फळ्यावर असे मांडा (दर १८ टक्के धरू) :

- कारखानदार १००० रुपयांना विकतो. कर १८०. सरकारला भरतो १८०.
- घाऊक व्यापारी १२०० ला विकतो. कर २१६. आधी दिलेले १८० वजा, भरतो ३६.
- दुकानदार १५०० ला विकतो. कर २७०. आधी दिलेले २१६ वजा, भरतो ५४.

१८० + ३६ + ५४ = २७०. म्हणजे सगळा कर शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. ही वजावट फक्त नोंदणी असलेल्यालाच मिळते.

२) नोंदणी कुणाला सक्तीची?

- महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तर.
- सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या वर गेली तर. स्टेशनरी दुकानात झेरॉक्सही काढून देत असाल तर ती सेवा झाली, मग मर्यादा २० लाखांचीच.
- दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकत असाल तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून. (ठरावीक हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे.)

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. एकाच पॅनवर दोन दुकाने असतील तर दोघांची बेरीज धरायची. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. फक्त करमाफ माल, उदाहरणार्थ ताजी भाजी, विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही.

३) दोन घरांची गोष्ट

त्या मुलीच्या आईची वर्षाची विक्री तीन लाखसुद्धा नाही, आणि तीही गावातच. पण कुणीतरी सांगितलं, "नंबर घेऊन टाका, वजन पडतं." त्यांनी घेतला. विक्री कमी म्हणून विवरणपत्र भरलंच नाही. इथेच फसगत झाली! नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. उशीर झाल्यास शून्य विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, एका विवरणपत्राला कमाल ५०० रुपये. महिन्यामागून महिना साठत गेला आणि त्या माऊलीचा दिवाळीचा नफा त्यातच गेला.

याउलट बांद्याचे एक पालक थोडे काजूगर म्हापशाच्या दुकानांना पोहोचवतात. त्यांना वाटायचं, "आपला धंदा तो केवढा!" पण गोवा हे दुसरं राज्य. त्यांना नोंदणी सक्तीची होती.

४) नोंदणी कशी करायची?

1. सरकारी जीएसटी पोर्टलवर पॅन, मोबाईल आणि ई-मेल टाका. ओटीपी येतो, मग तात्पुरता क्रमांक मिळतो. तो १५ दिवस चालतो.
2. उरलेला अर्ज भरा. फोटो, आधार आणि जागेचा पुरावा (वीजबिल किंवा घरपट्टीची पावती) लागतो. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार.
3. आधार पडताळणी करा. अर्ज दाखल झाला की पोचक्रमांक येतो.
4. अधिकाऱ्याने शंका काढली तर ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्या. इथे बरेच अर्ज अडकतात, म्हणून ई-मेल रोज बघा.

सरकारी फी शून्य आहे. कुणाची मदत घेतलीत तर पैसे त्याच्या मेहनतीचे. मोबाईल नंबर मात्र स्वतःचाच द्या.

५) लहान दुकानदाराचा सोपा मार्ग

दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर कंपोझिशन योजना घेता येते. व्यापाऱ्याला १ टक्का कर, भरणा तीन महिन्यांनी. पण मग गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, वजावट मिळत नाही आणि माल परराज्यात विकता येत नाही. म्हणजे बांद्याच्या पालकांना हा मार्ग बंद.

वर्गात करून घ्या

मुलांना घरून एक बिल आणायला सांगा. नंबर १५ अंकाक्षरी आहे का? पहिले दोन अंक २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. पुढची दहा अक्षरे पॅनची. बिलावर कर लावलाय आणि नंबरच नाही, असं दिसलं तर दुकानदाराला विचारा. नोंदणी नसलेल्याला कर घेण्याचा अधिकार नाही.

आणि पालकहो, नंबर घेण्याआधी वर्षभराची विक्री एका वहीत लिहून बघा. तुमच्या दहावीतल्या मुलाला ती बेरीज नक्की जमेल!