थंडीत ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी धूर पाहा

मुकुटबन परिसरात थंडीच्या दिवसांत कापसाची ट्रॉली पहाटेच वणीच्या बाजाराकडे काढावी लागते आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर रुसतो. बहुतेक शेतकरी बंधू लगेच बॅटरीला दोष देतात. नवी बॅटरी घेण्यापूर्वी सेल्फ मारताना आवाज ऐकावा आणि सायलेन्सरकडे पाहावे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. इंजिन संथ फिरले किंवा दाब कमी पडला, तर थंडीत ही उष्णता पुरत नाही.

इंजिन जड फिरत असेल तर टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर गरम पाण्याने धुवावा, अर्थिंगची वायर घट्ट करावी. रात्रभर उभ्या बॅटरीचे व्होल्टेज १२.४ पेक्षा कमी भरल्यास ती चार्ज करावी. फार घट्ट ऑइल टाकल्यानेही इंजिन जड फिरते.

चांगले फिरूनही धूरच नसेल, तर डिझेल नोजलपर्यंत पोहोचत नाही. फिल्टर पाहावा, साचलेले पाणी सोडावे, लाइनमधील हवा काढावी. पांढरा धूर म्हणजे डिझेल येते, पण पेटत नाही. हीटर असल्यास तो तपासावा. दुपारीही तोच त्रास असेल तर नोजल, व्हॉल्व्ह किंवा रिंगा मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे. एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरणे तर मुळीच नको. मागे कापूस भरलेला असतो.