पाठ १२ : काटकसरीची शिदोरी

वाचण्यापूर्वी : तुमच्या घरी प्रवासाला निघताना कोणकोणते खाण्याचे पदार्थ बरोबर घेतात? त्यातला तुमचा सर्वांत आवडता कोणता?

फ्लोरिडा राज्यात ओरलँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. ते १९७१ साली सुरू झालं. तिथे चार मोठी थीम पार्क आहेत, त्यामुळे बरीच कुटुंबं चार-पाच दिवस मुक्काम करतात. विमान, हॉटेल आणि तिकिटं यांचे पैसे आपण निघण्याआधीच भरलेले असतात. खाण्याचा खर्च मात्र तिथे गेल्यावर रोज थोडा थोडा होतो, आणि तो बराचसा आपल्या हातात असतो.

एक हिशोब करून बघू. समजा, पाण्याची एक बाटली ४ डॉलरला आहे. घरात चार माणसं आहेत आणि प्रत्येकाला दिवसभरात तीन बाटल्या लागतात. म्हणजे एका दिवसाचे ४८ डॉलर आणि चार दिवसांचे १९२ डॉलर, तेही नुसत्या पाण्याचे! पण डिस्नेच्या पार्कमध्ये शीतपेयं मिळणाऱ्या काउंटरवर मागितलं, तर बर्फ घातलेलं पाणी पेल्यात फुकट मिळतं. घरून रिकामी बाटली नेली, तर ती पार्कमध्ये भरून घेता येते. फक्त ती काचेची नको.

घरचं खाणं आत नेता येतं का? हो, डिस्ने वर्ल्डमध्ये येतं. त्याचे काही नियम मात्र आहेत. डबा-बाटली काचेची चालत नाही. लहान बाळाच्या खाण्याच्या बरणीला तेवढी सूट आहे. कूलर २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच, यापेक्षा मोठा नको. त्यात सुटा बर्फ घालायचा नाही, गोठवलेले आइस पॅक ठेवायचे. जे गरम करावं लागतं किंवा ज्याला उग्र वास येतो, ते खाणं न्यायचं नाही. तेव्हा लसणाची चटणी हॉटेलच्या खोलीतच राहू दे! प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्या पार्कला जाताना तिथले नियम आधी वाचावेत.

मग डब्यात काय भरायचं? आपल्याकडे प्रवासात नेण्याच्या खाण्याला ‘शिदोरी’ म्हणतात. पूर्वी लोक पायी किंवा बैलगाडीने प्रवास करत. तेव्हा वाटेत हॉटेलं नव्हती आणि फ्रिज तर नव्हताच. म्हणून टिकतील असे पदार्थ केले जात. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, भडंग, बेसनाचे लाडू हे सगळे पदार्थ गरम करावे लागत नाहीत आणि सांडत नाहीत. रांगेत उभं राहूनही खाता येतात. दहीभात किंवा पनीर मात्र आइस पॅकशिवाय नेऊ नये. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा आहे, की नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत; हवा ९० अंश फॅरनहाइटपेक्षा गरम असेल तर एकच तास. फ्लोरिडाचा उन्हाळा तसाच असतो. पोट बिघडलं, तर वाचवलेले पैसे काय कामाचे?

सकाळचा नाश्ता हॉटेलवर करावा. दूध, फळं, ब्रेड दुकानातून आणून खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवता येतात. पार्कमधल्या खाण्याच्या किमती डिस्नेच्या ॲपवर आधीच दिसतात. तिथे एक गंमत लक्षात ठेवा : ३ ते ९ वर्षांची मुलं ‘लहान’ धरतात. वय १० पूर्ण झालं, की तिकिटाला आणि बुफेला तुम्ही ‘मोठे’!

आता महत्त्वाची गोष्ट. काटकसर आणि चिकूपणा हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. जिथे खर्चाची गरज नाही तिथे पैसे वाचवणं, म्हणजे काटकसर. जिथे गरज आहे तिथेही हात आखडणं, म्हणजे चिकूपणा. पुरी-भाजी घरी रोज मिळते, मग पार्कमध्ये पोट भरायला तीच पुरी चालेल. पण मिकीच्या आकाराचं आईसक्रीम घरी मिळत नाही. रोज प्रत्येकाने अशी एक गोष्ट स्वतः निवडावी आणि ती मजेत, किमतीचा विचार न करता खावी. शिदोरी आणायची ती याचसाठी.

आजी-आजोबा भारतातून आले असतील, तर ते प्रत्येक किमतीचे मनातल्या मनात रुपये करतात आणि म्हणतात, “मला नको गं, भूकच नाही.” पुष्कळदा भूक असते. उन्हात पाणीसुद्धा न पिता ते तसेच चालत राहतात. ही काटकसर नव्हे. यात माणूस आजारी पडतं. तेव्हा त्यांना “हवंय का?” असं विचारत बसू नका. पाण्याचा पेला आणून सरळ हातात द्या, आणि सांगा, “आजी, हे फुकट आहे!”

शब्दार्थ
शिदोरी – प्रवासात बरोबर नेलेलं खाणं
नाशवंत – लवकर खराब होणारं
उग्र – तीव्र, नाकात जाणारा (वास)
हात आखडणं – खर्च करायला मागे-पुढे पाहणं

स्वाध्याय
१. डिस्ने वर्ल्डमध्ये कोणत्या वस्तू आत नेता येत नाहीत?
२. काटकसर आणि चिकूपणा यांतला फरक तुमच्या घरातलं एक-एक उदाहरण देऊन लिहा.
३. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या म्हणीचा या पाठाशी काय संबंध आहे?
४. तुमच्या कुटुंबासाठी एका दिवसाची शिदोरी ठरवा. ती करायला काय लागतं, ते आई-बाबांना किंवा आजीला मराठीत विचारा आणि यादी लिहून आणा.