ती पट्टी लपवू नकोस

अगं, काल फोनवर रडत होतीस तेव्हाच कळलं, तुला पीसीओडीचं नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावरच्या 'गर्भनिरोधक' या शब्दाचं भय बसलंय. लग्न झालेलं नाही, आणि पाथर्डीला आईच्या हाती पट्टी लागली तर? म्हणून हॉस्टेलवर उशीच्या अभ्र्यात दडवलीस आणि दोन दिवस घेतलीच नाहीस.

नीट ऐक. सोनोग्राफीत सगळे 'गाठी' म्हणतात ना, त्या गाठी नसतातच. बीजांडकोशात वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बारीक पुटिका असतात. बीज सुटत नाही, म्हणून पाळी लांबते. पुरुषी हार्मोन जरा जास्त, म्हणून हनुवटीवर केस. आणि तीन-तीन महिने पाळी आली नाही, तर गर्भपिशवीचं अस्तर जाड होत जातं. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर पिशवीच्या कॅन्सरची भीती वाढते. ही गोळी ते अस्तर आटोक्यात ठेवते, केसांना आणि मुरुमांनाही लागू पडते. केसांना मात्र सहा महिने तरी दे. गोळी बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली, तर तो मूळचाच त्रास. गोळीने पुढे कधी मूल होत नाही हे कुणीही सांगो, खरं नाही.

एक विचारायचं राहिलं. डोळ्यांपुढे चमकत्या रेघा येऊन डोकं दुखतं का कधी? घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का? असेल तर आजच डॉक्टरांना कळव, मग ते दुसरं औषध देतील. आणि गोळ्या चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजली, दम लागला, तर थेट दवाखाना गाठ.

पीसीओडीत देतात त्या दुसऱ्या गोळीचं, मेटफॉर्मिनचं, मी भोगलंय. उपाशीपोटी गोळी घेऊन पहाटेची एसटी धरली, करंजीच्या घाटात उलट्यांनी जीव नकोसा झाला, आणि 'मला सोसत नाही' म्हणून वर्षभर ती बंदच ठेवली. त्या वर्षाचं अजून वाईट वाटतं गं. ती जेवताना, भाकरीबरोबर घ्यायची. 500 मिलीग्रॅमपासून डॉक्टर हळूहळू वाढवतात. मोहट्याच्या देवीचे नऊ दिवस कडक उपास धरणार असशील, तर आधी डॉक्टरांना विचार. आणि नवरात्रासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून या गोळ्यांत मिसळू नकोस.

मूल होईल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात आहे. त्याचं औषध वेगळं, लेट्रोझोल. मूळचं स्तनाच्या कॅन्सरचं. आपल्याकडे 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली. 2014 मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला: लेट्रोझोल घेतलेल्या शंभरातल्या सत्तावीस-अठ्ठावीस बायकांना मूल झालं, जुन्या क्लोमिफेनवर एकोणीसांना. 2017 मध्ये आपल्याकडची बंदी उठली. आज पीसीओडीत बीज सुटण्यासाठी पहिल्यांदा तेच देतात. तुझी वेळ येईल तेव्हा ते असेल.

आईशी मी बोलते. पाकिटावरचं नाव नाही, अस्तराचं सांगेन. शेजारच्या काकूंची पिशवी काढली तेव्हा रात्रभर दवाखान्यात तीच बसली होती. तू एवढंच कर, दोन दिवस चुकलेत, पुढे कशी घ्यायची ते उद्या सकाळी डॉक्टरांना विचार. आणि पट्टी अभ्र्यातून काढून टेबलावर ठेव, पाण्याच्या बाटलीशेजारी.