लोकांना कळत नाही, असं म्हणू नकोस

चि. मुक्ता,



काल रात्री दादाचा फोन आला होता. ग्रामसभेत तू विहिरींच्या पाण्याचे तक्ते वाचत होतीस आणि निम्मी माणसं उठून गेली म्हणे. त्याचं मला काही वाटलं नाही. पण घरी येऊन तू म्हणालीस, "लोकांना आकडे कळतच नाहीत." त्या वाक्याने माझी झोप उडाली.

उठून गेलेल्या ज्या बाईला भिशीचा सगळा हिशेब तोंडपाठ असतो, तिला आकडे कळत नाहीत? तिच्यापर्यंत पोचली नाही ती तुझी "दूषित नमुन्यांची टक्केवारी". कुठली विहीर, शेजारी कुणाचा शोषखड्डा, आषाढात कुणाकडे जुलाब लागले, हे सांगितलं असतंस तर ती उठली असती का?

आकड्यांमागची अशीच एक गोष्ट सांगते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा आला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी नकाशावर दर मृत्यूची एक काळी रेघ त्या त्या घरापाशी ओढली. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती रेघा दाटल्या. मला मात्र त्यातली हॅम्पस्टेडची म्हातारी विसरता येत नाही. ती दूर राहायची, पण त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज बाटलीभर मागवायची. ती गेली, पाहुणी आलेली भाचीही गेली. दोघींच्या आसपास कुठेच कॉलरा नव्हता. रोग हवेतून पसरतो म्हणणाऱ्यांकडे या मृत्यूंचं उत्तर नव्हतं. गोष्ट अशी हुडकून काढावी लागते. रडू यावं म्हणून रचलेली कधी सांगू नकोस, ती आकड्यांशी बेइमानी आहे.

एक तुला कधी बोलले नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका गावात मी बालमृत्यूचा दर वाचत होते. दारापाशी बसलेल्या आजीने विचारलं, "बाई, आमची नात यात धरली का?" मी म्हटलं, "आजी, हा दर आहे, हजारी." लोक हसले. परतताना जीपमध्ये मी तुझंच वाक्य बोलले, लोकांना कळत नाही. पुढे रजिस्टर काढून पाहिलं. बारशाआधी गेलेलं ते लेकरू नोंदीतच नव्हतं. माझा आकडा चुकला होता आणि ते फक्त तिला कळलं होतं. २००१ साली डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. नोंदीबाहेर राहिलेल्या बालमृत्यूंबद्दल त्यात वाचताना ती आजी मला पुन्हा दारात बसलेली दिसली. तिची माफी मागायची राहूनच गेली.

फार बोलले का गं? लहानपणी तू अंगणात चिंचोके मोजायला बसायचीस आणि एकेकाला नाव ठेवायचीस, म्हणून मोजणी दुपारभर पुरायची. ती मुलगी अजून तुझ्यात आहे, मला ठाऊक आहे.

वहिनी म्हणत होती, खोकला गेला नाही. रात्री हळद-दूध घे. शनिवारी तक्ते घेऊन इकडेच ये. आधी जेवू, मग मला सगळं वाचून दाखव. मी उठून जाणार नाही.

तुझी,
आत्या