कलाडी: चव जपू या, दूधही तपासू या



जम्मू भागातील उधमपूर, रामनगरच्या बाजारात कलाडी नावाचे चीज मिळते. गुज्जर आणि बकरवाल या पशुपालक जमातींचा त्याच्याशी जुना संबंध आहे. १९९१ पासून त्यांची नोंद अनुसूचित जमातींत आहे. उन्हाळ्यात कळप उंच कुरणांवर जातात. तिथले दूध बाजारात पोहोचेपर्यंत नासते. कलाडी टिकते, विकली जाते आणि घरात चार पैसे येतात.

कच्चे दूध लोखंडी भांड्यात घेऊन त्यात आंबट दूध किंवा ताक घालतात व लाकडी रवीने जोरात घुसळतात. तयार झालेला चिवट गोळा हाताने दाबून चपटा करतात आणि उन्हात सुकवतात. खाताना तव्यावर त्याच्याच तुपात खरपूस भाजतात.

धोका कुठे आहे?

१. दूध: आजारी जनावराच्या कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. दीर्घकाळ ताप येतो, सांधे दुखतात. पहिला धोका गिऱ्हाइकाला नसून गोठ्यात राबणाऱ्या कुटुंबालाच असतो.

२. हात: हातावरच्या जखमेतील स्टॅफिलोकॉकस जंतू चीजमध्ये विष तयार करतात. तव्यावर जंतू मरतात, विष मात्र उरते.

३. साठवण: ओलावा आणि माश्या.

उपाय काय?

दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवून मग थंड करावे. खळखळा उकळू नये, त्याने चिवटपणा जातो. मोझरेला पाश्चरीकृत दुधाचे असूनही छान ताणले जाते, हे लक्षात घ्या. हात साबणाने धुवावेत. जखम असल्यास त्या दिवशी दुसऱ्याने काम करावे. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस द्यावी. २०१९ च्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती समाविष्ट आहे.

आपल्यासारखे मदत करणारे दोन चुका करतात. कोणी ‘अस्वच्छ’ म्हणून नाक मुरडतो, तर कोणी ‘डोंगरातले सगळे शुद्धच’ म्हणून कौतुक करतो. दोघेही त्या कुटुंबाच्या तापाची चौकशी करत नाहीत. शिवाय अर्धा तास दूध तापवायला सरपण लागते, थर्मामीटर लागतो. तो खर्च गरिबावर टाकून आपण सुरक्षित चीज मागणे न्यायाचे नाही.

चर्चेसाठी: आपल्या भागात कोणता पदार्थ घरी बनवून विकला जातो? तो सुरक्षित करण्यासाठी दोन रुपये जास्त मोजायला आपण तयार आहोत का?